यंदा आमची बारावी आहे

"यंदा आमची बारावी आहे." हे वाक्य मुलांच्या तोंडून फारसं ऐकू येत नाही, आई-वडलांच्याच तोंडून येतं. पुतणीच्या लग्नाला एकच दिवस येणार, कारण आमची बारावी आहे. दिवाळीला गावी जाणार नाही, टीव्हीचं कनेक्शन काढून टाकलं, आईनं बिनपगारी रजा काढली, कारण तेच. मग मे-जूनमध्ये "आम्हाला ब्याण्णव पर्सेंटाइल पडले" आणि जुलैत "आम्ही पुण्याचं टाकलंय". या 'आम्ही'मध्ये माया आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर उन्हात तीन-तीन तास उभे राहणारे वडील मी दरवर्षी बघते. हातात पाण्याची बाटली, काखेत मुलाची सॅक. पण जुलै उजाडेपर्यंत हाच 'आम्ही' इतका मोठा होतो, की ज्याची बारावी होती त्यालाच त्यात जागा उरत नाही.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि गेली बरीच वर्षं प्रवेशाच्या हंगामात कागदपत्र-पडताळणी केंद्रावर बसते. आमच्या बोलण्यात 'एफसी'. विद्यार्थी ऑनलाइन अर्ज भरून येतो, आम्ही कागद तपासतो आणि अर्ज 'कन्फर्म' करतो. मागच्या हंगामातली गोष्ट. टेबलापलीकडे एक मुलगी आणि तिचे वडील. मी मुलीला विचारलं, "नाव काय बाळा?" नाव वडलांनी सांगितलं. "कुठल्या कॉलेजची तू?" तेही वडलांनीच सांगितलं. "फिजिक्सला किती आहेत गं?" वडलांनी फाईल न उघडताच आकडा सांगितला, आणि तो बरोबर होता. मुलगी खिडकीकडे बघत होती. अर्जात एक दुरुस्ती करायची होती, म्हणून तिला लॉगिन करायला सांगितलं. पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. नवा घ्यायचा तर ओटीपी लागतो, आणि ओटीपी वाजला वडलांच्या शर्टाच्या खिशात. नंबर त्यांचा, ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांच्या डायरीत. अर्ज मुलीचा होता, पण त्यात शिरायची किल्ली तिच्याकडे नव्हती.

त्या गृहस्थांना मी नावं ठेवणार नाही. ही प्रक्रियाच अशी आहे, की घरातला मोठा माणूस आपोआप तिच्यात ओढला जातो. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि या सगळ्यांहून जड म्हणजे जात वैधता. ओबीसी कुटुंबाला १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, म्हणजे आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा. ती शाळा दुसऱ्याच तालुक्यात, रजिस्टरची पानं सुटलेली, मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले. सतरा वर्षांच्या मुलानं अभ्यास टाकून तहसील आणि पडताळणी समितीच्या खेपा घालाव्यात असं कोणी म्हणणार नाही. नॉन-क्रीमीलेयरवर ३१ मार्चची मुदत लिहिलेली असते. ती कोणी पाहिलीच नाही म्हणून आरक्षण असूनही खुल्या प्रवर्गात गेलेलं मूल मी पाहिलं आहे. हे काम मोठ्यांचंच आहे. ते अकरावीत सुरू करायचं असतं, बारावीचा निकाल हातात आल्यावर नाही.

म्हणून माझं म्हणणं 'मुलांना मोकळं सोडा' असं नाही. माझं म्हणणं कामाच्या वाटणीचं आहे. कागद मोठ्यांचे, पैशाचा हिशोब मोठ्यांचा, तारखांवर नजर दोघांची. पण पसंतीक्रम, म्हणजे कुठलं कॉलेज आणि कुठली शाखा आधी हवी याची यादी, मुलाची. त्या यादीतला पहिला, दुसरा, तिसरा त्यानं स्वतःच्या हातानं लावायचा. आई-वडलांनी विचारावं, समजवावं, वेळ पडली तर भांडावं. माउस मात्र हातात घेऊ नये.

हे मी केवळ मायेपोटी म्हणत नाही. ती यादी कशी चालते ते नीट पाहिलं, तर मुलाची खरी आवड सर्वात वर असणं यातच त्याचा फायदा आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, विद्यार्थ्याला तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. एक पर्याय म्हणजे एक कॉलेज आणि त्यातली एक शाखा. संगणक गुणवत्ता यादी वरून खाली घेत येतो. तुमचा नंबर आला की तुमची यादी पहिल्या पर्यायापासून तपासतो, जिथे पहिल्यांदा जागा शिल्लक दिसते ती तुम्हाला देतो आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो. पहिल्या क्रमांकावर आवाक्याबाहेरचं कॉलेज लिहिलं, म्हणून दुसऱ्या क्रमांकावरची संधी तसूभरही कमी होत नाही. तरी दर हंगामात मला विचारलं जातं, "मॅडम, वर मोठं कॉलेज टाकलं तर फेरी वाया नाही ना जाणार?" आणि या भीतीनं मुलाला नको असलेलं, पण हमखास मिळणारं एखादं 'सेफ' कॉलेज यादीत वर चढतं.

ते मिळतंच. मिळाल्यावर मग सुटका नसते. २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा आला, की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतली मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतली मिळाली, तर ती घ्यावीच लागते. नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वरचे सहा रकाने आता अंदाज बांधण्याचे, डावपेचांचे राहिलेले नाहीत. तिथे मनातलं खरं लिहावं लागतं. आणि मुलाच्या मनातलं खरं काय, हे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या मुलाला चार वर्षांपूर्वी काय मिळालं यावरून कळत नाही.

हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मी नेमकं उलटं केलं.

त्याला मेकॅनिकल हवं होतं. आठवीत असल्यापासून घरातला मिक्सर, सायकलचं हब, वडलांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर, सगळं त्यानं उघडून बसवलेलं. त्यानं यादी केली होती, वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं, दोनदा खोडून. पहिल्या चारांत तीन मेकॅनिकल. मी ती पाहिली, 'बरं' म्हटलं. रात्री अकराला तो झोपल्यावर लॉगिन केलं. पासवर्ड माझ्याच डायरीत होता. पुण्यातल्या कॉलेजांचे कॉम्प्युटरचे पाच पर्याय उचलून मी वर ठेवले आणि यादी पक्की केली. मनात वाईट काहीच नव्हतं. मेकॅनिकलच्या मुलांना नोकऱ्या मिळायला किती वेळ लागतोय ते मी आमच्याच कॉलेजात रोज बघत होते. तिसऱ्या क्रमांकावरचं मिळालं. सकाळी त्यानं स्क्रीन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि दात घासायला गेला. त्या विषयावर तो एक शब्द बोलला नाही. मी त्याला समजूतदारपणा समजले.

तो पास झाला, नोकरीला लागला. नातेवाईक आजही म्हणतात, बघ, तुझा निर्णय बरोबरच होता. पण तिसऱ्या वर्षी त्याचा एकदा फोन आला. वैकल्पिक विषय निवडायचे होते, चार दिवसांची मुदत होती, आणि तो म्हणाला, "आई, तूच सांग कुठला घेऊ. मला काही सुचत नाही." मी म्हटलं, अरे तुला काय आवडतं ते घे. तो म्हणाला, "आवडायचं कुठे होतं? तू टाकलं होतंस." त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. एखाद्या कार्यालयात माहिती विचारावी तसा तो विचारत होता. माझ्या पाच क्लिकनी त्याची शाखा बदलली एवढंच मी समजून होते. स्कूटरचा कार्ब्युरेटर कोणी न सांगता उघडणारा मुलगा विषय निवडायला आईला फोन करू लागला, तो याच क्लिकनी.

"सतराव्या वर्षी त्यांना काय कळतं?" हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि तो खोटा नाही. मित्र जाईल तिथे जायचं असतं. व्हिडिओत कुणी तरी पगाराचे आकडे सांगितलेले असतात. कॉम्प्युटर किंवा एआय-डेटा सायन्स मागणाऱ्या दहा मुलांना मी त्या शाखेत दुसऱ्या वर्षी काय शिकवतात ते विचारलं, तर आठ जण गप्प होतात. पण मग आपल्याला तरी किती कळतं? बहुतेक पालकांचं ज्ञान ऐकीव असतं, 'कॅप पेरेंट्स' नावाच्या ग्रुपवर रात्री साडेबाराला फिरणाऱ्या तक्त्यांवर उभं असतं. मुलाला माहिती नाही यावर उपाय माहिती देणं हा आहे. त्याच्या जागी आपण ठरवून टाकणं हा नाही. शैक्षणिक कर्ज काढायला गेलात तर बँक मुख्य कर्जदार म्हणून मुलाचं नाव लिहिते आणि आई-वडलांना सहकर्जदार करते. फेडायची जबाबदारी त्याच्या डोक्यावर, आणि ज्यासाठी कर्ज काढलं ती शाखा त्यानं निवडायची नाही, असं कसं चालेल? वर्षभरात तो मतदान करणार आहे.

निवड करणं हे पोहण्यासारखं आहे. काठावरून शिकवून येत नाही. आणि सुदैवानं आपल्याकडे त्याची एक लहान विहीर आहे, अकरावीचा प्रवेश. २०२५ पासून तो राज्यभर ऑनलाइन झाला आहे. एकपासून दहापर्यंत कॉलेजांची पसंती लिहायची असते, पहिल्या पसंतीचं मिळालं तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या हातच्या जातात. दहाच रकाने, नियम तोच, आणि चुकलं तर दोन वर्षांत नवी संधी. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यानं हे दहा रकाने स्वतः भरले आणि त्याचे परिणाम भोगले, तो बारावीनंतरची यादी वेगळ्या डोळ्यांनी बघतो. पण बहुतेक घरांत दहावीची यादी वडील भरतात, 'बारावीला बघ तू', आणि बारावीला म्हणतात, 'आता प्रयोग करायची वेळ आहे का?'

मग आई-वडलांनी करायचं काय? मी सांगते ते फार साधं आहे. मुलाला आडव्या मोठ्या कागदावर तक्ता करायला सांगा. कॉलेज, शाखा, आपल्या प्रवर्गात गेल्या वर्षी कुठल्या पर्सेंटाइलवर थांबलं, फी, घरापासूनचं अंतर, वसतिगृह. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षांचे कट-ऑफ असतात, पण ते 'जीओपनएस', 'एलओबीसीएच' अशा अक्षरांत. त्यांचा उलगडा त्याचा त्याला करू द्या, अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. तक्ता झाल्यावर शेजारी बसा आणि एकच प्रश्न विचारा: "हे चौथ्यावर का?" त्याला उत्तर देता आलं तर तुम्हाला ते पटलं नाही तरी पुढच्या ओळीवर जा. देता आलं नाही तर खोडू नका, "उद्या शोधून सांग" म्हणा. जवळची दोन कॉलेजं चालू दिवशी दाखवा. कार्यालयात नका नेऊ, तिथे पत्रकच हातात देतील. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांशी त्याला बोलू द्या आणि आपण वीस पावलं लांब चहा घ्या. प्रयोगशाळा उघडी असते का, शिक्षक येतात का, मेसमध्ये काय मिळतं, हे ती पोरं पाच मिनिटांत खरं खरं सांगतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या शाखेचा अभ्यासक्रम काढून दुसऱ्या वर्षाची पानं वाचायला लावा. कॉम्प्युटर घेतलं म्हणून गणित सुटत नाही, हे तिथे छापलेलं असतं. हेल्पलाइनला फोन त्यानंच करायचा. दहा वेळा लागणार नाही, अकराव्यांदा लागेल.

पैशाचं मात्र मोठ्यांनी आधी बोलायला हवं, आणि नेमकं तेच आपण बोलत नाही. आपल्या घरांत मुलासमोर पैसे मोजत नाहीत. यादी भरून होते, जागा लागते, आणि मग वडलांना अचानक त्या कॉलेजचं 'वातावरण' चांगलं नसल्याचं कळतं. मुलाला वाटतं आपल्यावर विश्वास नाही. खरं तर खात्यात पैसे नसतात. मी अशा किती तरी मुलांशी बोलले आहे, त्यांना खरं कारण कळल्यावर ती दुखावत नाहीत, उलट सरळ होतात. यादीला हात लावायच्या आधी एका संध्याकाळी बसून सांगा: वर्षाला आपण इतके देऊ शकतो, कर्ज इतकं काढू, त्यापुढे नाही. ही कुंपणाची मर्यादा घालण्याचा अधिकार आई-वडलांचा आहे. कुंपणाच्या आत कुठे काय पेरायचं ते मुलानं ठरवावं. आणि हिशोब माहीत असलेलं मूल स्वतःच वाटा शोधतं. ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्याच्यासाठी शिक्षण शुल्क माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा असतात. पण त्यांचे कोड वेगळे असतात, ते यादीत वेगळे भरावे लागतात. आपोआप काही मिळत नाही. परवा एका मुलानं तेवढे कोड शोधून आपल्या यादीत वर नेले होते. वडलांना त्या योजनेचं नावही माहीत नव्हतं.

मुलींच्या याद्यांबद्दल मला वेगळं सांगायचंय, कारण तिथे अडवणूक पैशाच्या नावाखाली लपत नाही, थेट 'काळजी'च्या नावानं येते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी निम्मं माफ होतं. मला वाटलं होतं, आता मुलींच्या याद्या लांब होतील. काहींच्या झाल्या. पण अजूनही भावाच्या यादीत पुणे, मुंबई, नागपूर, आणि त्याच्यापेक्षा जास्त पर्सेंटाइल असलेल्या बहिणीच्या यादीत एसटीनं जाऊन-येऊन करता येतील एवढीच चार कॉलेजं असतात. वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च माफ होत नाही, हे खरं. मुलीला एकटं पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो, हेही खरं. पण त्या चार ओळींची यादी पुढे करून "तिचीच इच्छा आहे" असं जेव्हा सांगतात, तेव्हा मी मुलीकडे बघते आणि ती टेबलाकडे. काळजी असेल तर वसतिगृह बघायला जा, वॉर्डनशी बोला, सोबत कोण आहे ते विचारा, तिथल्या दोन मुलींचे नंबर घ्या. हे सगळं करून मन मानत नसेल तर मुलीला तसं स्पष्ट सांगा, की हा नकार माझा आहे. तिच्या तोंडात तिची नसलेली इच्छा घालू नका.

आतापर्यंत मी लिहिलं ते बहुतेक शिकलेल्या घरांबद्दल. माझ्या टेबलासमोर येणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक घरं वेगळी असतात. आई-वडील सातवी-आठवी शिकलेले, शेतात किंवा कारखान्यात कामाला. तिथे यादी बळकावणारे आई-वडील नसतात. तिथे ती नेट कॅफेवाला भरतो, घाईत, बाहेर रांग असताना. किंवा क्लासचे सर भरतात, किंवा पुण्याला असलेला चुलतभाऊ फोनवरून. आणि वडील मला हात जोडून म्हणतात, "मॅडम, आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच टाका." तेव्हा मलाही मोह होतो. एका क्षणात बरी यादी करून देता येईल. पण मी ते करत नाही, कारण मग हे मूलही दुसऱ्याच कुणाच्या तरी यादीवर पुढची चार वर्षं काढणार.

असंच म्हणणाऱ्या एका वडलांना मी सांगितलं, "पोरीला सगळी यादी मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तुम्ही फक्त ऐका." ते दोघं व्हरांड्यात फरशीवर बसले. चाळीसेक ओळी असतील. ती वाचत होती, ते तंबाखू न खाता नुसती डबी हातात फिरवत ऐकत होते. तीन ठिकाणी त्यांनी थांबवलं. "हे कुठं आलं?" "हितं राहायचं कुठं?" आणि एकदा, "हे तर तू मागं नको म्हणली हुतीस." तिसऱ्या प्रश्नाला ती अडली, विचारात पडली, आणि ती ओळ कॅफेवाल्यानं घातलेली होती हे तिच्या लक्षात आलं. तिनं ती काढून टाकली. त्या माणसाला शाखांची नावं धड उच्चारता येत नव्हती. पण मी आजवर पाहिलेल्यांत मुलाच्या प्रवेशाला इतकी नेमकी मदत फार थोड्यांनी केली असेल.

यात सरकारची आणि महाविद्यालयांची जबाबदारी किती तरी मोठी आहे, आणि ती आई-वडलांवर ढकलून चालणार नाही. अर्जात विद्यार्थ्याचा नंबर आणि पालकाचा नंबर असे दोन्ही असावेत, आणि प्रत्येक सूचना दोन्हींवर जावी. म्हणजे वडलांना तारीख चुकायची भीती राहणार नाही आणि मुलाला स्वतःच्या अर्जाची बातमी दुसऱ्याकडून कळणार नाही. पसंतीक्रम भरायला मोजके तीन-चार दिवस देणं हा मुलांवर अन्याय आहे. एवढ्या घाईत शांतपणे विचार करणारं मूल मागे पडतं आणि भराभर क्लिक करणारा मोठा माणूस पुढे येतो. पूर्ण आठवडा द्या, मध्ये एक रविवार येईल असा, म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्या आई-वडलांनाही पोराजवळ बसता येईल. वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा आणि पाळा. २०२५ मध्ये अकरावीचं संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडलं आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. असं झालं की पहिला बळी धीराचा जातो. घाबरलेलं घर मग यादी मुलाच्या हातातून काढून घेतं.

आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी निदान एक तास द्यावा. जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आधी, गेल्या वर्षीचे कट-ऑफ फळ्यावर लिहून प्रत्येक मुलाकडून वीस पर्यायांची कच्ची यादी करून घ्यावी. पण हे कोणाला सांगायचं? हजारो मुलं नावाला एका कनिष्ठ महाविद्यालयात असतात आणि दिवसभर बसतात क्लासमध्ये. वर्गशिक्षक त्यांना ओळखत नाहीत, आणि क्लासला मुलाचं फक्त पर्सेंटाइल हवं असतं, फलकावर छापायला. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, अभियांत्रिकी-वैद्यकीयशिवाय इतर वाटाही मुलांना सांगा, असं त्यांत आहे. आयटीआय, पदविका, कृषी, शुद्ध विज्ञान, कला, या वाटा एखाद्या क्लासनं मन लावून सांगितल्याचं निदान माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांकडून मी अजून ऐकलेलं नाही. आयुष्यात प्रथमच एवढी मोठी निवड करणाऱ्या मुलाशेजारी बसायला शिक्षक नाही, म्हणून सगळा भार घरावर येतो, आणि घर तो पेलायला मुलाच्या हातातलं काम स्वतः घेतं.

त्या मुलीनंतर, जिच्या ओटीपीचा फोन वडलांच्या खिशात वाजला, मी माझ्या टेबलापुरतं एक केलं. समोरच्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलून मागे भिंतीशी ठेवली. आई-वडील तिथे बसतात, सगळं ऐकू येतं, काही अडलं तर बोलतात. फाईल मुलाच्या हातात असते. पहिली दोन मिनिटं मूल प्रत्येक प्रश्नाला मागे वळून बघतं. मग उत्पन्नाचा दाखला कुठल्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात आहे ते शोधायला लागतं. दोनदा भलताच कागद काढतं, मागून "अरे तो नाही, खालचा" असं येतं, मी हातानं 'राहू द्या' म्हणते. एका अर्जाला आधी सात-आठ मिनिटं लागायची, आता बारा लागतात. रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत जाते. आमचे प्रमुख मला त्याबद्दल दोनदा बोलले आहेत, आणि मी त्यांना सांगितलं आहे की खुर्ची तिथेच राहील.